सैनिक होते ना, मग एवढं दुखणं सोसवत नाही?

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. वर्षानुवर्षं दुखणं घेऊन जगणाऱ्या माणसांवर उपचार करणं हे माझं काम, आणि त्यांत माजी सैनिक बरेच असतात. विचारणारे वाईट नसतात. बहुतेकदा घरचेच असतात, गोळ्यांना घाबरलेले. कधी एखादा तरुण डॉक्टर विचारतो, आणि तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून बसते, कारण चिठ्ठी त्याला लिहायची असते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सैनिक दुखणं सोसतो हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ जबर जखमी जवानांना विचारत फिरले: वेदनेवर औषध हवंय का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. लोक ही हकिकत सांगतात आणि इथेच थांबतात. बीचर थांबले नव्हते. ते म्हणाले, या जवानांसाठी जखम म्हणजे लढाईतून जिवंत सुटका होती, म्हणून ती कमी दुखली. जखम किती मोठी यापेक्षा तिचा त्या माणसाला लागलेला अर्थ मोठा ठरला. आता तीच जखम वीस वर्षांनी घ्या. सुटका होऊन गेली, वर्दी उतरली, सोबतचे पांगले, आणि पाठीतली चमक तेवढी उरली. आघाडीवरच्या त्या काही तासांवरून या वीस वर्षांचं माप काढता येत नाही.

शिवाय हे दुखणं वेगळ्या जातीचं असतं. अमेरिकन यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात नसांना गोळी लागलेले सैनिक तपासत होते. जखम भरून आलेली, पण हात आगीत धरल्यासारखा जळतोय, वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, असे ते रुग्ण. मिचेल आणि सहकाऱ्यांनी १८६४मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. कापून टाकलेला पाय दुखतो, या तक्रारीलाही त्यांनीच गंभीरपणे घेतलं. पुढे १९८३मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगांतून दाखवलं की मार बसत राहिला की मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. म्हणून एमआरआयमध्ये ‘फारसं काही नाही’ असं आलं, याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. आणि माझ्यासमोर येणारे सगळे काही गोळी लागलेले नसतात. जड सामान पाठीवर घेऊन केलेली चाल, विमानातून मारलेल्या उड्या, खडबडीत रस्त्यांवर गाड्यांत बसलेले हादरे, यांनी झिजलेले मणके आणि गुडघे कितीतरी जास्त. अमेरिकेतल्या २०१० ते २०१४च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ६५.५ टक्के माजी सैनिकांनी मागच्या तीन महिन्यांत दुखणं असल्याचं सांगितलं. सैन्यात न गेलेल्यांत हे प्रमाण ५६.४ होतं. तीव्र दुखणं ९.१ टक्क्यांना, इतरांत सुमारे ६.

आता मला सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, असं आम्ही विचारतो. ज्या माणसाला रात्री कूस बदलता येत नाही, तो सांगतो, ‘चार.’ नोकरीत असताना दुखणं कबूल करणं म्हणजे कामावरून बाजूला होणं, सोबत्यांवर भार टाकणं. ते लपवायचं वळण निवृत्तीच्या कागदाबरोबर सुटत नाही. कागदावर चार लिहिलं जातं आणि औषध चारचं मिळतं. मग एक दिवस सोसेनासं होतं आणि तो म्हणतो, डॉक्टर, डोस वाढवा. त्या क्षणी त्याच्याकडे बघायची नजरच बदलते. गप्प होता तोवर दुखत नव्हतं, बोलला तर व्यसन लागलं. मधली जागा त्याला कोणी देतच नाही.

व्यसनाची भीती खोटी नाही. अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी हजारो घरं उजाड केली. तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने २०१३पासून ही औषधं कमी करण्याची मोहीम घेतली. २०१६मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची मार्गदर्शिका आली. औषध कुठलंही असो, दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका परिणाम होईल त्यापुढे डोस नेणं टाळावं, असं तिच्यात होतं. ती सूचना होती, पण अनेक ठिकाणी तिची लक्ष्मणरेषा झाली. वर्षानुवर्षं एका डोसवर नीट चाललेल्या, कामाला जाणाऱ्या माणसांच्या गोळ्या भराभर उतरवल्या गेल्या. २०१९मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अचानक औषध तोडण्याविरुद्ध इशारा दिला. मार्गदर्शिकेच्या लेखकांनीही तिचा चुकीचा वापर होतोय असं लिहिलं. २०२२मध्ये ती सुधारली गेली.

त्याआधी, २०२०मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच आरोग्यसेवेतल्या सुमारे १४ लाख रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओपिऑइड बंद झाल्यावर अतिसेवनाने किंवा आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि औषध जितका जास्त काळ चाललेलं, तितका तो मोठा. पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे. औषध सुरू करतानाचे तीन महिनेही तसेच. हा अभ्यास मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला वाचायला लावते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २४० रुग्णांवर वर्षभर झालेल्या चाचणीत, २०१८मध्ये, पाठ, गुडघा आणि खुब्याच्या दुखण्याला ओपिऑइड इतर औषधांपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून नव्या रुग्णाला मी ते सहसा सुरू करत नाही. पण जो दहा वर्षं त्यावर उभा आहे, त्याच्या पायाखालून ते काढून घ्यायला ही चाचणी कारण होत नाही. तो प्रश्नच तिने विचारला नव्हता. आणि बाकीची औषधं काही निरुपद्रवी नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला खातात, नसांच्या दुखण्यावर देतात त्या गॅबापेन्टिनने झापड येते, मूळचं नैराश्यावरचं ड्युलोक्सेटिन काहींना लागू पडतं, काहींना मळमळीपलीकडे काही देत नाही. युद्धाच्या आठवणींनी झोप उडालेल्याला झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या जोडीला ओपिऑइड म्हणजे श्वासालाच धोका. फिजिओथेरपी, मानसोपचार, नस बधिर करणारी इंजेक्शनं यांचा उपयोग होतो, पण गोळी आज बंद आणि व्यायामाची तारीख चार महिन्यांनी, असं झालं तर मधल्या चार महिन्यांत त्या माणसाने करायचं काय?

घरच्यांनी करण्यासारखं बरंच आहे. तपासणीला सोबत जा. आकडा सांगू नका; मोजे घालता येतात का, किती वेळ उभं राहवतं, रात्री किती वेळा जाग येते, हे सांगा, कारण तो सांगणार नाही. डोस कमी करायचं ठरलं तर किती, किती दिवसांनी आणि त्रास झाला तर कुठे थांबायचं, हे लिहून मागा. वर्षानुवर्षं चाललेला डोस उतरवायला महिने लागतात, कधी वर्षही. स्वतःहून एकदम बंद करू नका. गोळ्या कुलपात ठेवा. नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा अतिडोस उतरवणारं औषध, घरात ठेवायची सोय असेल तर ते वापरायला शिकून घ्या. आणि औषध कमी झाल्यानंतर तो जर म्हणाला की आता जगण्यात अर्थ नाही, तर ते वैतागून बोलला असं समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.