वायव्येकडे आठ दिवस : डेटन ते न्यू बॉस्टन

लेक-जावई अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहतात, आणि तिथून डेटन सव्वा-दीड तासावर. राइट बंधूंचं गाव. तिथलं अमेरिकी हवाई दलाचं संग्रहालय पाहायचं, हे मी निघण्याआधीच पुण्यात ठरवलं होतं. तिकीट नाही, सकाळी नऊला दार उघडतं आणि पाचला बंद होतं. एक दिवस पुरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात सगळ्यांची पावलं आधी ‘मेम्फिस बेल’कडे वळतात. तसं ते विमान आहेच देखणं. युरोपवर २५ मोहिमा करून १९४३ साली मायदेशी सुखरूप परतलेलं. नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारं ‘बॉक्सकार’ही याच दालनात आहे. त्याच्यापाशी मात्र मला फार वेळ उभं राहवलं नाही.

मी आलो होतो लिबरेटरसाठी, म्हणजे बी-२४ या बॉम्बफेकी विमानासाठी. माझे थोरले काका हवाई दलात इंजिन फिटर होते. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमानं बंगळूरला नेऊन एचएएल या विमान कारखान्यानं दुरुस्त केली आणि ती आपल्या हवाई दलात १९६८पर्यंत उडत राहिली. पुण्याच्या लोहगावला त्यांचा मुक्काम असायचा. काकांच्या गप्पांत हे विमान घरच्या म्हशीसारखं यायचं : अवजड, हट्टी, पण कामाला पक्कं. ते सांगायचे, बॉम्बच्या कप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी वर सरकतात आणि कप्प्यातून पुढेमागे जायला फक्त वीतभर रुंदीची फळी असते. ती फळी मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. काका असते तर, असं मनात आलं.

अशी १८ हजारांहून जास्त विमानं बांधली गेली. त्यातल्या एकाची आठवण या दालनात वेगळी जपली आहे : ‘लेडी बी गुड’. अख्खं विमान इथे नाही. काही अवशेष आहेत, आणि लिबियातल्या अमेरिकी तळावरच्या प्रार्थनाघरातून आणलेली एक रंगीत काचेची खिडकी आहे, या विमानाच्या नऊ जणांच्या स्मरणार्थ घडवलेली. मी त्या खिडकीसमोर बसलो आणि जावयाला म्हणालो, “तुम्ही पुढे पाहून या, मी इथे आहे.” तो गेला नाही. “बाबा, मला सांगा ना हे काय आहे,” म्हणाला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

४ एप्रिल १९४३, रविवार. लिबियात बेनगाझीच्या दक्षिणेला सोलुक नावाचा विमानतळ. तिथून दुपारी २५ लिबरेटर इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकायला निघाले. वाळूचं वादळ सुटलं होतं. ‘लेडी बी गुड’ निघालं शेवटच्या विमानांत. विमान नवं, माणसंही नवी, मार्चमध्ये लिबियात पोचलेली. या नऊ जणांची एकत्र अशी ही पहिलीच मोहीम. वैमानिक विल्यम हॅटन, सहवैमानिक रॉबर्ट टोनर, मार्ग ठरवणारा नेव्हिगेटर डीपी हेज, बॉम्ब टाकणारा बॉम्बार्डियर जॉन वोराव्का, इंजिनियर हॅरॉल्ड रिपस्लिंगर, रेडिओवर रॉबर्ट लामॉट, आणि गनर गाय शेली, व्हर्नन मूर व सॅम्युअल ॲडम्स. वोराव्का आणि मूर दोघे ओहायोचे.

वाळूनं इंजिनं कुरकुरू लागली तशी बरोबरची विमानं मागे फिरली. हॅटननं विमान नेपल्सपर्यंत नेलं, पण तोवर अंधार झाला होता, लक्ष्य दिसेना. परतताना बॉम्ब समुद्रात सोडून दिले. खाली ढग, वर काळोख, सोबतीला कोणी नाही.

रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटननं रेडिओवर कळवलं की दिशादर्शक चालत नाही, आमची दिशा सांगा. बेनगाझीजवळच्या बेनिना तळावरच्या रेडिओ केंद्रानं उत्तर दिलं : ३३० अंश. म्हणजे तुम्ही आमच्या वायव्येला, समुद्रावर आहात, सरळ या. केंद्राचा अँटेना असा होता की आवाज कोणत्या रेषेतून येतोय ते कळे, पण त्या रेषेवर विमान अलीकडे आहे की पलीकडे, हे कळत नसे. विमान तळ ओलांडून आग्नेयेला वाळवंटावर गेलेलं होतं. रेषा तीच, बाजू उलटी. तळावरून डोक्यावर विमानाची घरघर ऐकू आली, खालून प्रकाशाचे बाण सोडले गेले, ते वर कोणाला दिसले नाहीत. पुढे दोन तास ते दक्षिणेकडे उडत राहिले. इंधन संपत आलं तेव्हा पहाटे दोनच्या सुमारास सगळ्यांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. आपण समुद्रात पडणार, असंच त्यांना वाटत होतं. पायाखाली आली ती वाळवंटातली खडी. किनारा ६००-७०० किलोमीटर मागे राहिला होता.

इथे नेव्हिगेटर हेजला बोल लावणारं बरंच लिहिलं गेलं आहे. मला ते पटत नाही. पहिली मोहीम, मिट्ट काळोख, पाठीवर वारा, आणि वर तळाकडून मिळालेला आकडा नेमका त्यांच्या अंदाजाला दुजोरा देणारा. कोणीही तोच आकडा धरून उडालं असतं.

आठ जण एकमेकांना सापडले. वोराव्का सापडला नाही. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. ज्या दिशेनं आलो असं वाटत होतं त्या दिशेनं, वायव्येला, ते चालू लागले. जवळ अर्धी बाटली पाणी. आठ माणसांत अर्धी बाटली. वाटणी ठरली : दिवसाला एकेकाला झाकणभर. मागून शोधायला येणाऱ्यांसाठी ते वाटेत खुणा ठेवत गेले. बूट बाणासारखे मांडलेले, पॅराशूटच्या पट्ट्यांवर दगड ठेवलेले.

टोनरनं खिशातल्या डायरीत रोज दोन-चार ओळी लिहिल्या. मला त्या जवळजवळ पाठ आहेत. पहिल्या दिवशी जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत. मग पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं, असं रात्रभर. दुपारी नरक, रात्री कडाक्याची थंडी. गुरुवारी वाळूच्या टेकड्या लागल्या आणि लामॉटचे डोळे गेले. शुक्रवारी शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत शोधायला पुढे निघाले, बाकीच्या पाच जणांना चालवेना. शनिवारी एक-दोन पक्षी दिसल्याची नोंद आहे. त्या पक्ष्यांपाशी मी दर वेळी अडखळतो. रविवारी, पाणी असतं तर निभावलं असतं, असं तो लिहितो. सोमवार १२ एप्रिल : मदत नाही, रात्र फार थंड. त्यानंतर डायरी कोरी.

विमान समुद्रात बुडालं असणार असं समजून त्यांचा शोध भूमध्य समुद्रावर घेतला गेला. १९५८ साली तेलाचा शोध घेणाऱ्यांना विमानातून ते वाळवंटात दिसलं. १९५९मध्ये माणसं जाऊन पोचली, तर माणसाशिवाय ते पोटावर घसरत उतरलं होतं आणि दोन तुकडे होऊनही बरंचसं धड होतं. मशीनगन चालत होत्या, रेडिओ चालत होता, आत पाणी होतं, थर्मासमध्ये कॉफी होती. नऊ जण उतरले तिथून ते जेमतेम २५ किलोमीटर दक्षिणेला होतं. ते चालले विरुद्ध दिशेला.

फेब्रुवारी १९६०मध्ये पाच जणांचे देह एकत्र सापडले, उतरले होते तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. मे महिन्यात शेली आणि रिपस्लिंगर आणखी कितीतरी पुढे सापडले. जवळजवळ पाण्याविना त्या वाळूत ते तितके चालले कसे, याचा विचार करवत नाही. ऑगस्टमध्ये वोराव्का. व्हर्नन मूरचा ठाव लागल्याचं आजवर नक्की झालेलं नाही. विमान शापित होतं, त्याचे सुटे भाग दुसऱ्या विमानांना बसवले तीही पडली, असल्या गोष्टी लोक चवीनं सांगतात. जावयानं विचारलं तेव्हा मी विषय तिथेच थांबवला. त्या नऊ माणसांना शापाची गोष्ट चिकटवणं मला सहन होत नाही.

परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. रात्री जेवताना जावई म्हणाला, “बाबा, मूरचं न्यू बॉस्टन इथून दोन तासांवर आहे. उद्या रविवार आहे.”

२३ नंबरचा रस्ता कोलंबसहून थेट दक्षिणेला जातो. सर्कलव्हिल, चिलिकॉथी, वेव्हर्ली, मक्याची शेतं, मग टेकड्या. पोर्ट्समथ आलं की न्यू बॉस्टन आलंच, त्याला चिकटूनच आहे. लहानसं गाव. आम्ही कोणाला काही विचारलं नाही. विचारणार तरी काय.

गावाच्या अंगाला ओहायो नदी आहे. मला हे नकाशावरून ठाऊक होतं, तरी काठावर उभं राहिल्यावर पोटात तुटलं. एवढं पाणी. नजर ठरणार नाही इतकं रुंद, संथ, पलीकडे केंटकी. लेकीनं पाण्याची बाटली पुढे केली आणि मग तिच्याच लक्षात आलं, तशी तिनं ती हळूच पिशवीत ठेवली. मी नदीत हात बुडवून पाणी वर सोडलं, तर्पणासारखं. मंत्र येत नाहीत मला. नऊ नावं घेतली, मूरचं शेवटी.

निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. फोनमधून वळणं ऐकू येत होती : उजवीकडे, सरळ, डावीकडे. जावई त्याप्रमाणे गाडी हाकत होता आणि मी मागे बसून रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत होतो, उत्तर, उत्तर, पुन्हा उत्तर, कोलंबसचे दिवे दिसेपर्यंत.