ऋण बाजूच का जळली?

दुरुस्त करून दिलेले यंत्र त्याच दोषासाठी परत आले, की मला त्या रात्री नीट झोप लागत नाही. पुण्यात ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचे काम करताना गेल्या पावसाळ्यात एक हेडफोन ॲम्प्लिफायर 11 दिवसांत दोनदा माझ्या टेबलावर आला आणि दोन्ही वेळा त्यातले नेमके तेच भाग जळलेले होते.

यंत्र बॅलन्स्ड रचनेचे होते. साध्या ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक कानासाठी एक धन तार असते आणि दोन्ही कानांची परतीची वाट ग्राउंडला एकत्र येते. या यंत्रात मात्र प्रत्येक कानासाठी दोन, असे एकूण 4 छोटे ॲम्प्लिफायर होते. त्यांतला एक मूळ सिग्नल देतो, दुसरा त्याचीच उलटी प्रत देतो आणि हेडफोनचे कॉइल या दोघांच्या मध्ये जोडले जाते. म्हणजे येथे ऋण तार ही निव्वळ परतीची वाट नसून तीही एका जिवंत ॲम्प्लिफायरचे तोंड असते. पहिल्या खेपेस डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कानांचे ऋण बाजूचे ट्रान्झिस्टर गेले होते. धन बाजूचे दोन्ही शाबूत होते. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी सुटे भाग निकृष्ट असतील असे समजून मी ते बदलले, दोन्ही कानांच्या जागी वेगवेगळे 300 ओहमचे रेझिस्टर लावून यंत्र दिवसभर चालवले आणि ते निर्दोष आहे असे सांगून परत दिले.

यंत्राचे मालक बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना विनंती केली, “काका, या यंत्राला तुम्ही जे जे जोडता ते सगळे मला आणून दाखवा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून सेनहायझर एचडी 650 हा हेडफोन काढला आणि त्यासोबत वीतभर लांबीचा एक ॲडॉप्टर काढला. त्याच्या एका टोकाला 4 पिनांचा एक्सएलआर, म्हणजे बॅलन्स्ड जोडणीचा गोल प्लग, होता आणि दुसऱ्या टोकाला साधा 6.35 मिलिमीटरचा जॅक जाईल असे सॉकेट होते. हेडफोनचा जॅक त्यात घालून मी मल्टीमीटरच्या सुया एक्सएलआरच्या 2 आणि 4 क्रमांकांच्या पिनांना लावल्या. मीटर वाजला, म्हणजे त्या दोन पिना एकमेकींना थेट जोडलेल्या होत्या.

या जोडणीत 1 आणि 2 या पिना डाव्या कानाच्या धन-ऋण असतात, तर 3 आणि 4 या उजव्या कानाच्या. साध्या जॅकला मात्र तीनच भाग असतात : टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागची नळी दोघांची सामायिक. त्यामुळे असा ॲडॉप्टर कितीही काळजीने बनवला, तरी दोन ऋण तोंडे त्या नळीवर एकमेकांना भिडणारच. याच्या उलट, चार तारांची केबल साध्या सॉकेटला जोडणारा ॲडॉप्टर निर्धोक असतो, कारण तेथे दोन्ही ऋण तारा ग्राउंडलाच जायच्या असतात. माझ्या टेबलावर दोष का दिसला नाही, तेही आता उमगले : माझे दोन रेझिस्टर एकमेकांना कोठेच जोडलेले नव्हते.

तरीही एक कोडे उरले होते. दोन तोंडे थेट भिडत असतील, तर यंत्र पहिल्याच मिनिटाला न जळता आठवडाभर कसे टिकले? मी काकांना विचारले, “या दिवसांत तुम्ही काय ऐकत होता?” ते म्हणाले, “जुनी मराठी भावगीते आणि नाट्यगीते. त्या दिवशी मात्र मुलाने पाठवलेले वाद्यवृंदाचे नवे ध्वनिमुद्रण लावले होते.” उत्तर मिळाले. अशी जुनी ध्वनिमुद्रणे बहुधा मोनो असतात. दोन्ही कानांना तोच सिग्नल जातो, दोन्ही ऋण तोंडांवर जवळजवळ तेवढाच व्होल्टेज असतो आणि त्यांच्यात प्रवाह वाहतच नाही. स्टिरिओ लागताच डावे आणि उजवे वेगळे झाले, आणि प्रवाहाला आवर घालणारी संरक्षक रचना या यंत्रात नसल्यामुळे ते दोन ॲम्प्लिफायर एकमेकांना ओढत जळून गेले. इतक्या वर्षांत एवढ्या स्पष्टपणे कार्यकारण जुळलेले मी क्वचितच पाहिले आहे.

काकांनी तो ॲडॉप्टर घेतला होता तो घरी हेडफोनमध्ये ऐकू येणारी गुणगुण घालवण्यासाठी. बॅलन्स्ड जोडणीने गुणगुण जाते असे त्यांनी ऐकले होते. यंत्र दुरुस्त करून मी ते स्वतः त्यांच्या घरी नेले. हेडफोन साध्या सॉकेटला लावताच गुणगुण ऐकू आली. डॅककडून, म्हणजे संगणकाचा डिजिटल सिग्नल ध्वनीच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या यंत्राकडून, येणाऱ्या आरसीए (साध्या, बॅलन्स्ड नसलेल्या) तारा ॲम्प्लिफायरमधून उपसताच ती थांबली. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही तीन पिनांच्या प्लगने अर्थिंगला जोडलेले होते, आणि यूएसबी केबल, डॅक व आरसीएचे बाहेरचे आवरण यांतून अर्थिंगचे कडे पूर्ण होऊन गुणगुण आत शिरत होती. सुदैवाने डॅकला आणि ॲम्प्लिफायरला 3 पिनांची एक्सएलआर सॉकेटे होती. त्या तारेत सिग्नल आणि त्याची उलटी प्रत शेजारी शेजारी जातात, वाटेत शिरलेला 50 हर्ट्‌झचा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो, आणि पुढचे यंत्र दोघींमधला फरक तेवढा घेत असल्यामुळे गोंगाट गळून जातो. मी बरोबर नेलेल्या दोन तारा जोडल्या आणि गुणगुण गेली.

“मग हेडफोनकडच्या जोडणीलाही बॅलन्स्डच का म्हणतात?” काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ या एका नावातच आहे. हेडफोनच्या तारेत शिरून त्रास देईल असा गोंगाट फारसा नसतोच. गुणगुण आधीच ॲम्प्लिफायरच्या पोटात शिरलेली असेल, तर शेवटच्या चार तारा ती काढू शकत नाहीत. तेथे लाभ वेगळा असतो : दोन ॲम्प्लिफायर उलट दिशांनी काम करत असल्यामुळे व्होल्टेज दुप्पट, म्हणजे 6 डेसिबल अधिक मिळतो, आणि सामायिक परतीच्या तारेमुळे एका कानाचा जो अंश दुसऱ्यात झिरपतो तो टळतो. मात्र 300 ओहमच्या हेडफोनला सामायिक वाटेचा रोध 0.1 ओहम धरला, तर तो अंश मूळ आवाजाहून सुमारे 70 डेसिबल खाली असतो. शिवाय एचडी 650 हा 1 व्होल्टला 103 डेसिबल देतो. घरी ऐकण्यासाठी साधे सॉकेटही त्याला भरपूर पुरते.

मी बनवून नेलेली चार तारांची केबल लावल्यावर काका लगेच म्हणाले, “हा आवाज जास्त मोकळा वाटतो.” मी 1 किलोहर्ट्‌झचा स्वर लावून मोजले, व्होल्टेज दुप्पट होता. मग दोन्ही जोडण्यांवर तो 0.3 व्होल्टला आणला आणि आता कोणती केबल आहे हे न सांगता तेच गीत आलटून पालटून सहा वेळा ऐकवले. काकांनी डोळे मिटून शांतपणे ऐकले, तीनदा बरोबर सांगितले, तीनदा चुकले. मग त्यांनी साध्या सॉकेटात जॅक घातला आणि तो ॲडॉप्टर माझ्या हाती दिला.