अंडी पार्सलने पाठवायची?

मी म्हापशात कुरिअरच्या काउंटरवर बसते. मध्यंतरी पर्वरीचा एक मुलगा थर्माकोलचा डबा घेऊन आला. आत ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारे खनिजाचे हलके कण) अर्धी रुतवलेली बॉल पायथनची, म्हणजे हौसेने पाळतात त्या लहान जातीच्या अजगराची, अंडी, पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला विकलेली. "ताई, वर 'नाजूक' तेवढं लिहा, बाकी मी सगळं नीट केलंय." त्याने खरंच नीट केलं होतं. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण होती. पण आमच्याकडे जिवंत प्राणी घेत नाहीत, आणि फळलेलं अंडं जिवंतच असतं. मी नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, मग रात्रीच्या बसवाल्याकडे दिली तर? मागे रांग होती, म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

ती पेन्सिलीची खूण कशासाठी, ते आधी सांगते. कोंबडीचं अंडं उबवताना फिरवावं लागतं. त्यात बलक दोन्ही बाजूंनी पिळदार तंतूंनी धरलेला असतो. सापाच्या, कासवाच्या अंड्यात तसे तंतू नसतात. अंडं घातल्यावर साधारण दिवसभरात गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर गर्भ दगावू शकतो.

माझं माहेर मोरजीचं. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. घरटं भरतीच्या रेषेत असेल तर अंडी हलवावी लागतात, पण ती त्याच रात्री, काही तासांच्या आत. मी ते काम जवळून पाहिलंय. अंडं पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पांढरं, बोटाने दाबलं तर किंचित आत जाणारं. एकेक उचलायचं, मनगट वळू द्यायचं नाही, आणि तेवढ्याच खोल नव्या खड्ड्यात ठेवायचं. घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात, तरी कोणी घाई करत नाही.

आता आमचं गोदाम बघा. पार्सलं पोत्यांत भरतात, पोती टेम्पोत फेकतात, रात्री दुसऱ्या गावात पुन्हा वेगळी करतात. खोक्यावरचा बाण वाचायला कोणाला वेळ नसतो. बसची डिकी तर त्याहून वाईट. बॉल पायथनच्या अंड्यांना 31-32 अंश लागतात, आणि उन्हात उभ्या असलेल्या बसच्या डिकीत त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्मा होतो. शिवाय मेलेलं अंडं लगेच कळत नाही. कित्येक दिवस ते चांगलंच दिसतं, मग पिचकतं, बुरशी धरतं. तोवर पैसे दिलेले असतात. विकणारा म्हणतो तुझा इन्क्युबेटर बिघडला, घेणारा म्हणतो तूच खराब पाठवलंस. दोघांनाही काही सिद्ध करता येत नाही. मला हा व्यवहार मुळातच चुकीचा वाटतो तो यामुळे.

अंडी दूर नेताच येत नाहीत असं नाही. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं तेव्हा तिथल्या समुद्री कासवांची अडीचशेहून अधिक घरटी फ्लोरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेली. फेडेक्सने त्यासाठी तापमान सांभाळणारे ट्रक दिले होते. गर्भ पुरेसा वाढेपर्यंत थांबून, पिल्लं बाहेर यायच्या थोडे दिवस आधी अंडी हलवली, आणि 14,000 हून जास्त पिल्लं अटलांटिकमध्ये सोडली. पण तो नाइलाज होता, आणि प्रत्येक डब्यामागे माहीतगार माणसं होती. बसच्या ड्रायव्हरकडून ती अपेक्षा कशी करायची?

कायद्याचंही ऐक, बाबा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'प्राणी' या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी येतात. बॉल पायथन 'साइट्स'च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर तो बाळगायचा तर नोंदणी लागते. ते कागद तुझ्याकडे असतील तर उत्तमच.

असतील तर पिल्लं घरीच निघू देत. दोनेक महिन्यांचा प्रश्न आहे. पहिली कात टाकू देत, काही वेळा नीट खाऊ देत, मग कागदांसकट हातात दे. भाव जास्त लाव, तो रास्तच असेल. पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाला एक रात्र प्रवास करून पर्वरीला येणं जड वाटत असेल, तर वीस-तीस वर्षं जगणारा साप तो कसा सांभाळणार, हे त्याला पैसे घ्यायच्या आधी विचार.