गुलचांदणी आणि गॅलरीतला दिवा

जाई-जुई आमच्या कोथरूडच्या सोसायटीत घरटी एक आहे. मला गुलचांदणी हवी होती, संध्याकाळी उमलणारी, तळहाताएवढ्या पांढऱ्या फुलांची.

पहिल्या वर्षी पाकिटातल्या दहापैकी एकही बी उगवली नाही. बी हरभऱ्याएवढी, टरफल दगडासारखं. नुसती मातीत टोचून पावसाच्या हवाली केली की कुजते. माझ्या दहाही कुजल्या. दुसऱ्या वर्षी नर्सरीतले माळीदादा म्हणाले, "ताई, डोळा सोडून नेलकटरनं कड जराशी उडवा आणि रात्रभर पाण्यात टाका." सकाळी ज्या टम्म फुगल्या होत्या, तेवढ्याच जूनच्या पहिल्या आठवड्यात थेट मोठ्या कुंडीत लावल्या, कारण मुळं हलवलेली या वेलीला खपत नाहीत. सातव्या दिवशी पाच कोंब वर आले. पहिली दोन पानं मधोमध चिरलेली, पुढची गुळवेलीसारखी.

मग मी हौसेनं दर आठवड्याला शेंगदाणा पेंडीचं पाणी घालत सुटले. वेल अशी माजली, की ऑगस्टात तिनं वरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गाऊनला विळखा घातला. पानंच पानं, कळीचं नाव नाही. पेंड बंद केली, शेंडे खुडले. खुडताना पांढरा चीक बोटांना चिकटतो. मेक्सिकोकडचे लोक साडेतीन हजार वर्षांपूर्वी याच वेलीचा रस रबराच्या चिकात मिसळून उसळणारे चेंडू करायचे, हे वाचल्यापासून हात धुताना मला उगाच भारी वाटतं.

सप्टेंबर उजाडला तरी कळी नाहीच. तेव्हा माळीदादांनी विचारलं, "रात्री उजेड असतो का हो तिथं?" होता ना! वेलीच्या डोक्यावरच नऊ वॅटचा एलईडी. तिन्हीसांजेला सासूबाई लावणार, तो झोपताना बंद होणार. या वेलीला कळ्या धरायला लांब, सलग काळोख लागतो. हे मी त्यांना सांगितलं. "लक्ष्मी यायच्या वेळी दारात अंधार करू? फुलासाठी?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तुळशीपाशी पणती लावली आणि बल्बचं बटण बंद केलं. पणतीला माझी हरकत नव्हती. दिवसही लहान होत चालले होते म्हणा, म्हणजे सगळंच श्रेय पणतीला देता येत नाही.

ऑक्टोबरात पहिली कळी दिसली, मिटलेल्या छत्रीसारखी पीळ घातलेली. कोजागरीला फुलावी अशी माझी फार इच्छा; फुलली दोन दिवस आधी, मी दूधवाल्याचा हिशेब करत असताना. साडेसहाला सासूबाईंची हाक आली, "अगं, हलतंय बघ ते!" वारा नव्हता. कळी आपली आपण थरथरत होती. पीळ जरा सैलावला, थांबला, पुन्हा सैलावला, आणि मग एकदम सगळी छत्री उघडली. मधोमध फिकट हिरवी पाचपाती चांदणी. मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. वास मंद, साबणासारखा. रातराणीसारखा डोक्यात जात नाही. थोड्या वेळानं एक मोठा पतंग आला, हवेतच तरंगत त्यानं लांबलचक सोंड नळीत घातली. पुढे महिनाभरानं शेपटीवर काटा असलेल्या जाडजूड अळ्या पानं फस्त करू लागल्या, त्या बहुधा याच्याच भाऊबंदांच्या. चार वेचून टाकल्या, दोन राहू दिल्या.

सकाळी नऊला फूल ओल्या टिश्यूपेपरसारखं लोंबत होतं. "पूजेला मिळत नाही, असलं कसलं फूल!" सासूबाई कुरकुरल्या.

पण संध्याकाळी सव्वासहाला खुर्ची टाकून त्याच आधी बसलेल्या असतात. काल वरच्या काकूंना फोनवर सांगत होत्या, "अहो, तुमच्या गॅलरीतला दिवा जरा बंद करता का? खाली आमच्या वेलीवर उजेड येतोय."