पैसे पालकांचे, मत कोणाचे? इंडियानातील ड्रम कोरच्या हिशेबाविषयी

माझी मुलगी ज्या ड्रम कोरमध्ये, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या पथकात, वाजवते त्याच्याकडून यंदा आलेल्या करारपत्रात दोन अटी होत्या, आणि त्यांनीच मला हा लेख लिहायला बसवले. शुल्काचा हप्ता मुदतीत जमा झाला नाही तर वादकाला पुढच्या शिबिरात घेतले जाणार नाही, ही पहिली अट. एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, ही दुसरी. पहिलीबद्दल माझी तक्रार नाही, कारण बसचे डिझेल आणि दीडशे मुलांचे जेवण कोणीतरी आगाऊ पैसे भरल्याशिवाय उभे राहत नाही. दुसरी मात्र मनातून जाईना. वादक आजारी पडणे हे एक कारण झाले. पण कोरनेच हंगाम रद्द करणे हेही कारणच आहे, आणि या क्षेत्रात ते अलीकडे एका नामवंत संस्थेच्या बाबतीत घडलेले आहे.

इंडियानापोलिसमध्ये राहणाऱ्यांना ड्रम कोर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ड्रम कोर इंटरनॅशनल या संस्थेचे मुख्यालय याच शहरात आहे आणि २००९ पासून अंतिम स्पर्धा येथील लुकास ऑइल स्टेडियममध्ये भरते. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की बावीस वर्षांपर्यंतची दीडशेहून अधिक मुले-मुली ब्रास, तालवाद्ये आणि ध्वज घेऊन फुटबॉलच्या मैदानावर सुमारे बारा मिनिटांची एकच रचना सादर करतात. त्या बारा मिनिटांसाठी हिवाळाभर शिबिरे होतात, मे महिन्यात मुक्कामी सराव सुरू होतो आणि जूनअखेरपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सारा ताफा देशभर फिरतो. मुले शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि चालत्या स्वयंपाकघरासारख्या ट्रकमधून त्यांना दिवसाला चार वेळा जेवण मिळते. मी त्या ट्रकमध्ये कांदे चिरले आहेत, आणि तेथे राबणाऱ्या पालकांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

ड्रम कोर इंटरनॅशनलचा उगमच मुळी कारभाराच्या प्रश्नातून झाला, हे मला येथे आल्यावर समजले. १९७० पर्यंत बहुतेक मोठ्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना भरवत. नियम त्यांचे, परीक्षक त्यांचे, बक्षिसाची रक्कमही त्यांनीच ठरवायची. प्रवासाचा खर्च मात्र कोरच्या माथी. कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन, ट्रूपर्सचे जिम जोन्स, सांता क्लारा व्हॅनगार्डचे गेल रॉयर अशा कोरच्या संचालकांनी १९७१ मध्ये आपापले गट बांधले, आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे नव्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. वाजवणाऱ्यांच्या संस्थांनी आपला कारभार आपल्या हातात घ्यावा, ही त्यामागची भूमिका होती, आणि ती मला मनापासून पटते.

अडचण पुढे आली. संघटनेत मतदानाचा हक्क सदस्य कोरना, म्हणजे व्यवहारात त्यांच्या संचालकांना असतो. मैदानावर जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात तेच बैठकीत बसून स्पर्धांचे नियम, दौऱ्याची आखणी आणि उत्पन्नाची वाटणी ठरवतात. २०१० मध्ये सात बलाढ्य कोरनी एकत्र येऊन असा प्रस्ताव मांडला की प्रेक्षक आमच्यामुळे येतात, तेव्हा निर्णयाचे नियंत्रण आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा आमच्याकडे असावा. प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही, पण २०११ पासून आघाडीच्या कोरचे वेगळे मैदानी कार्यक्रम सुरू झाले. त्या सात संस्थांचा युक्तिवाद अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. तरीही लहान गावांतले लहान कोर टिकले नाहीत तर वादक घडणार कोठे, याचे उत्तर त्यात नव्हते.

नियमांतला प्रत्येक बदल शेवटी हिशेबाच्या वहीत उतरतो, हेही पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये ध्वनिवर्धनाला आणि २००९ मध्ये सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली. कलेच्या दृष्टीने त्यावर आजही कडाक्याचे वाद होतात, पण खर्चाच्या दृष्टीने वाद नाही: स्पीकर आले, मिक्सर आला, जनरेटर आला, ते वाहणारा ट्रक आला आणि ते हाताळणारी माणसेही आली. एकाने आणले की दुसऱ्याला मागे राहून चालत नाही. हा भार अखेर शुल्कावर येतो, आणि नामांकित कोरमध्ये एका हंगामाचे शुल्क आज पाच हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही वर गेले आहे. उन्हाळाभर मुलांना नोकरी करता येत नाही, ते नुकसान वेगळेच.

शुल्काखेरीज उत्पन्नाचे मार्ग मोजकेच आहेत: प्रयोगांचे मानधन, देणग्या, टी-शर्टसारख्या वस्तूंची विक्री आणि बिंगो, म्हणजे पैसे लावून खेळायचा हाउजीसारखा खेळ. बिंगो वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटेल, परंतु कॅलिफोर्नियातील ब्लू डेव्हिल्ससारख्या मातब्बर कोरच्या जडणघडणीत बिंगोच्या रात्रींचा वाटा मोठा आहे. अडचण वेळापत्रकाची असते. मोठा खर्च मे-जूनमध्ये सुरू होतो, मानधन उन्हाळ्यात मिळते आणि देणग्यांचा ओघ वर्षअखेरीस येतो. मधल्या महिन्यांत गंगाजळी नसलेली संस्था कात्रीत सापडते. २०२० चा संपूर्ण हंगाम महामारीत गेला आणि त्यानंतर बस, इंधन, अन्न सगळेच महागले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आणि सात वेळा अजिंक्यपद मिळवलेल्या सांता क्लारा व्हॅनगार्डला आर्थिक कारणांमुळे २०२३ चा हंगाम सोडावा लागला. तो कोर २०२४ मध्ये परतला, ही समाधानाची बाब. १९३४ पासून चालत आलेल्या, दहा अजिंक्यपदे मिळवलेल्या कॅडेट्सने मात्र जानेवारी २०२४ मध्ये कायमचा निरोप घेतला. त्यामागे आर्थिक आणि न्यायालयीन ओझे होते, आणि त्याची मुळे कारभारात होती. २०१८ मध्ये त्या संस्थेच्या अनेक वर्षांच्या प्रमुखावर नऊ महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्याचे फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्राने प्रसिद्ध केले. प्रमुखाने राजीनामा दिला आणि पाठोपाठ संचालक मंडळही पायउतार झाले. एकाच व्यक्तीभोवती वर्षानुवर्षे संस्था फिरत राहिली आणि तिला प्रश्न विचारण्याचे काम ज्यांचे होते ते मंडळ दुबळे राहिले, तर त्याची किंमत शेवटी तरुण मुलांना मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी आमच्या कोरच्या खजिनदारांना पत्र लिहिले आणि हिशेब पाहायला मिळतील का, असे विचारले. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, सोबत तीन वर्षांचे फॉर्म ९९०. येथून पुढे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण या कागदाने मला जितके प्रभावित केले तितके या देशातल्या फार थोड्या गोष्टींनी केले असेल.

करमाफी मिळालेल्या सार्वजनिक संस्थेने दरवर्षी करखात्याला द्यायचे हे विवरणपत्र आहे, आणि कोणीही मागितले तर अलीकडच्या तीन वर्षांची विवरणपत्रे दाखवणे संस्थेवर बंधनकारक आहे. मागणाऱ्याने आपण कोण, कशासाठी हवे, हे सांगण्याची गरज नाही. त्यात शुल्कातून किती आले, देणग्यांतून किती आले, बिंगो असेल तर त्याची स्वतंत्र पुरवणी, प्रवासावर किती गेले, हे तर असतेच. प्रत्येक संचालकाचे नाव, तो आठवड्याला सरासरी किती तास देतो आणि त्याला किती मोबदला मिळतो हेही असते. मोबदला शून्य असेल तर शून्य लिहावे लागते. सहावा भाग पूर्णपणे कारभाराविषयी आहे. मतदानाचा हक्क असलेले संचालक किती, त्यांतले स्वतंत्र किती, कोणा दोघांचे परस्परांशी नाते किंवा धंद्याचे संबंध आहेत काय, बैठकीचे इतिवृत्त ठेवले जाते काय, हितसंबंधांच्या संघर्षाविषयी लेखी धोरण आहे काय, गैरप्रकाराची माहिती देणाऱ्याला संरक्षण आहे काय, प्रमुखाचा पगार कोणत्या पद्धतीने ठरवला, आणि हे विवरणपत्र सादर करण्यापूर्वी सर्व संचालकांना दाखवले होते काय. मी एकेक प्रश्न वाचत गेले आणि प्रत्येक प्रश्नामागे कोठेतरी घडलेला एखादा गैरव्यवहार उभा असणार, असे वाटत राहिले.

त्याच भागात आणखी एक प्रश्न आहे: संचालक निवडण्याचा किंवा नेमण्याचा अधिकार असलेले सदस्य संस्थेत आहेत काय? आमच्या कोरच्या कागदावर उत्तर होते ‘नाही’. म्हणजे विद्यमान संचालकच नवे संचालक निवडतात. उत्पन्नाचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या कुटुंबांकडून येतो त्यांना एकही मत नाही, आणि जी मुले जुलैच्या उन्हात दिवसाचे दहा-बारा तास उभी राहतात त्यांनाही नाही. खजिनदारांशी याविषयी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी शांतपणे समजावले की पालक एक-दोन वर्षांसाठी येतात आणि आपल्या मुलाच्या हिताचे तेवढे पाहतात. संस्थेला दहा वर्षांपुढचे पाहावे लागते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि कायदाही त्याच दिशेने बोलतो. व्हर्जिनियातील एका जिम्नॅस्टिक्स पालक मंडळाने निधी गोळा करणाऱ्या पालकांच्या मुलांचे शुल्क त्या प्रमाणात कमी केले, तेव्हा २०१३ मध्ये कर न्यायालयाने तो खासगी लाभ ठरवला आणि मंडळाची करमाफी गेली. सार्वजनिक पैसा सगळ्या मुलांसाठी असतो, हे मला मान्य आहे. पण मत नसलेल्या पालकाने ‘कोणत्याही कारणास्तव’ या शब्दांखाली सही करावी, ही अपेक्षा मला अजूनही अवघड वाटते.

येथे पुण्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. लग्नापूर्वी मी एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होते आणि नंतर पथकाची वही सांभाळत होते. आमच्याकडे पैशाचा प्रवाह उलट दिशेने वाहतो. मंडळ पथकाला सुपारी देते, वादकाकडून फार तर नाममात्र रक्कम घेतली जाते, आणि मिरवणूक पाहायला कोणी तिकीट काढत नाही. ढोलाची पाने, दोर, टिपरू, टेम्पोचे भाडे, सरावाच्या जागेची सोय, वादकांचा नाश्ता, इतके भागवून जे उरे ते एखाद्या सामाजिक कामाला दिले जाई. रिक्षाचालकाची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच रांगेत उभे राहत, आणि कोणाच्या वडिलांनी किती भरले हा प्रश्नच उद्भवत नसे. येथील परिचित जेव्हा विचारतात की तुमच्याकडे या पथकांचे लेखापरीक्षण कोण करते, तेव्हा मला राग येतो, हे मी लपवत नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या बैठकीत मी हिशेब मोठ्याने वाचत असे, आणि टेम्पोच्या दोन फेऱ्यांऐवजी तीन का लागल्या हे मला एका अकरावीतल्या मुलाने सर्वांसमोर विचारले होते. त्या मुलाला मत होते. पथकप्रमुख कोण असावा हेही त्याच बैठकीत ठरे.

अर्थात आमचे पथक दीडशे मुलांना दोन महिने देशभर फिरवत नव्हते, आणि चूक झाली असती तर तिचा आकडाही लहानच राहिला असता. शिवाय बैठकीबाहेरच्या माणसाला त्या वहीत डोकावता येत नव्हते. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, वर्गणी गोळा करायला सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, विश्वस्त बदलले की फेरफार अहवाल द्यावा लागतो. कायद्यात उणीव फारशी नाही. उणीव आहे ती सहज मिळण्याची. येथे मी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून एखाद्या कोरच्या प्रमुखाचा पगार पाहू शकते, आणि तेथे एखाद्या मोठ्या मंडळाचा ताळेबंद पाहायचा तर अर्ज आणि खेटे आलेच. अमेरिकेतील आपली मराठी मंडळेही बहुतांशी याच प्रकारच्या करमाफीखाली नोंदलेली आहेत, तरी त्यांची विवरणपत्रे मागणारा सभासद मला आजवर भेटलेला नाही.

आमच्या कोरची वार्षिक सभा शरद ऋतूत असते आणि ती पालकांना ऐकण्यासाठी खुली असते. मी मंडळाला लेखी तीन मागण्या कळवल्या आहेत. कोरने स्वतः हंगाम रद्द केला तर खर्च न झालेले शुल्क परत करावे, आणि तसे करारपत्रात लिहावे. हिवाळ्यात जमा होणारे शुल्क दौरा सुरू होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावे. आणि संचालक मंडळात मतदानाच्या हक्कासह दोन जागा असाव्यात: एक पालकांनी निवडलेली, एक नुकतेच वय संपून बाहेर पडलेल्या वादकांनी निवडलेली. पहिल्या मागणीवर वकिलाचा सल्ला घेत असल्याचे उत्तर आले आहे. दुसरीला खजिनदारांचा वैयक्तिक पाठिंबा आहे, पण मे महिन्यात बसवाल्यांची आगाऊ रक्कम कोठून द्यायची, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे, आणि त्यासाठी निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी कसा उभारता येईल याचा कच्चा आराखडा मी आणि आणखी दोन पालक मिळून तयार करत आहोत. तिसऱ्या मागणीवर अद्याप कोणी काही बोललेले नाही. ती सभेत विषयपत्रिकेवर यावी यासाठी पालकांच्या सह्या गोळा करण्याचे काम सुरू आहे.