वाळवंटी गुलाबाच्या पाकळ्यांखाली: दोहा ते वादी अल-हितान

दोहा मेट्रोच्या गोल्ड लाइनवर ‘नॅशनल म्युझियम’ नावाचंच स्टेशन आहे. तिथून बाहेर पडलं की फिक्या वाळूच्या रंगाच्या, एकमेकींत घुसलेल्या प्रचंड चकत्या दिसायला लागतात. कुठली उभी, कुठली आडवी, बहुतेक तिरक्या. फ्रेंच वास्तुकार ज्याँ नूवेल यांनी आखलेलं कतारचं हे राष्ट्रीय संग्रहालय 28 मार्च 2019 रोजी उघडलं. आत शिरायची घाई न करता आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, तीही सकाळी. ऊन तिरपं असतं तेव्हा कुठली चकती कुणावर सावली टाकते ते स्पष्ट दिसतं, आणि हा आकार का निवडला याचं निम्मं उत्तर त्या सावलीतच मिळतं.

आकार घेतलाय वाळवंटी गुलाबावरून. याला बरेच जण जीवाश्म समजतात, पण हे खनिज आहे. आखाती किनाऱ्यालगत सबखा नावाचे खारट सपाट पट्टे असतात. तिथलं खारं भूजल वाळूच्या कणांमधून वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि मागे जिप्समचे स्फटिक धरतात. वाळूचे कण पोटात घेतच हे स्फटिक पातळ पात्यांसारखे वाढतात. एक पातं दुसऱ्याला अडतं, छेदतं आणि पुढे जातं. तयार झालेला गुलाब इतका मऊ असतो की नखाने ओरखडा उठतो. हातात घेऊन पाहिला तर दोन पाती नुसती चिकटलेली दिसत नाहीत, एकमेकांच्या आत रुतलेली दिसतात.

नूवेल यांनी उचलला तो हा रुतण्याचा नियम. निसर्गातल्या वस्तूवरून इमारत काढायची तर वस्तूचं बाह्यरूप मोठं करून चालत नाही. ती वस्तू कशी घडली त्यातला एखादा नियम सापडला आणि त्या नियमाने सावली, आधार व बांधणी हे तिन्ही प्रश्न सुटले, तरच तो आकार घेण्यात अर्थ आहे. इथे तो सापडलाय असं आमचं ठाम मत आहे.

आकडे पाहा. चकत्या 539, व्यास 14 मीटरपासून 87 मीटरपर्यंत. त्यांवर बसवलेली पॅनेलं सुमारे 76,000, पण वेगवेगळे आकार मात्र 3,600च्या आसपास. म्हणजे सरासरी एका आकाराची एकवीस पॅनेलं. हे जमतं ते भूमितीमुळे. चकती सपाट नाही, फार मोठ्या गोलाचा कापलेला तुकडा आहे. गोलाच्या पृष्ठाची वक्रता सगळीकडे सारखी असते, त्यामुळे एकच साचा पुन्हापुन्हा वापरता येतो. मुक्त वळणाचा पृष्ठभाग असता तर जवळजवळ प्रत्येक पॅनेलला नवा साचा लागला असता. खर्च आणि डोकेदुखी उरते ती दोन चकत्या एकमेकींना छेदतात त्या रेषेवर, कारण तिथली पॅनेलं तिरकी कापलेली आणि एकेकटी असतात. अशी इमारत आखताना पहिल्याच महिन्यात छेदरेषांची एकूण लांबी मोजून ठेवावी. अंदाजपत्रक बिघडतं ते तिथेच.

चकतीच्या पोटात पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीच्या तुळया आहेत, चाकाच्या मधल्या तुंब्यापासून आऱ्या निघाव्यात तशा. आडव्या चकत्यांचं वजन उभ्या चकत्यांमध्ये दडवलेल्या खांबांवरून जमिनीत जातं, म्हणून आत फिरताना खांब जाणवत नाहीत. वरचं आवरण जीआरसीचं, म्हणजे काचतंतू घातलेल्या काँक्रीटचं. यात साधे काचतंतू चालत नाहीत. सिमेंटमधला अल्क त्यांना खाऊन टाकतो आणि काही वर्षांत पॅनेल ठिसूळ होतं. झिर्कोनियायुक्त, अल्करोधक तंतूच लागतात. फवारून बनवलेल्या जीआरसीत त्यांचं प्रमाण वजनाच्या साधारण 5 टक्के असतं आणि मुख्य पापुद्रा 10 ते 15 मिलिमीटर जाडीचा पुरतो. मागे फासळ्या किंवा पोलादी चौकट.

वाळवंटात हे आवरण बिघडतं कुठे? सांध्यात. पोलाद दर मीटरला, दर अंशाला 0.012 मिलिमीटर वाढतं. म्हणजे 87 मीटरची चकती एका अंशाला जवळपास एक मिलिमीटर, आणि तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर सुमारे 42 मिलिमीटर पसरते. इमारत पूर्ण झाल्यावर सांगाडा आवरणाखाली झाकला जातो आणि फरक कमी होतो. पण बांधकामाच्या काळात तो उघड्यावर तापत असतो. दुपारी घेतलेलं माप पहाटे जुळत नाही. म्हणून मोजणी पहाटे, सांगाडा एकसारखा थंड असताना करावी आणि प्रत्येक मापाशेजारी तापमान लिहावं. पॅनेलचं गणित निराळं: जीआरसी उष्णतेपेक्षा ओलं-कोरडं होण्याने जास्त हलतं, मीटरला एक मिलिमीटर किंवा थोडं अधिकही. तेव्हा पॅनेलचा एकच बिंदू पक्का धरायचा आणि बाकीचे लांबट भोकांतून सरकू द्यायचे. चारही कोपरे आवळले की तडा जातो, तोही बोल्टजवळच्या कोपऱ्यातून. समुद्र समोरच असल्यामुळे खारी हवा आहेच. अशा जागी पॅनेल धरून ठेवणारे अँकर 316 दर्जाच्या स्टेनलेस पोलादाचे लागतात, नाहीतर गंजाचे ओघळ थेट दर्शनी भागावर उतरतात.

धूळ ही दुसरी गोष्ट. आडव्या चकतीवर ती साठतेच, आणि वर्षातून मोजके पाऊस पडतात तेव्हा कडेवरून तपकिरी रेघा ओढत खाली येते. उपाय दोनच: कडेच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच ठेवायची, आणि रंग धुळीचाच घ्यायचा. पांढरीशुभ्र इमारत इथे महिनाभरात मळकी दिसेल.

काचांकडे आवर्जून बघा. चकत्यांमधल्या फटीत बसवलेल्या काचांच्या चौकटी छतात, जमिनीत आणि भिंतीत आत ओढून लपवल्या आहेत. बाहेरून चौकट दिसतच नाही, नुसती काळोखी फट दिसते. खऱ्या गुलाबातही दोन पात्यांमध्ये असाच काळोख असतो. काच सावलीच्या आत खोल असल्याने थेट ऊन क्वचितच पोचतं आणि चकत्यांमधली पोकळी उष्णता अडवते. इमारत थंड ठेवण्याचा भार आकाराने कमी केला, तो असा.

आत साधारण दीड किलोमीटरची वाट आहे. अडीच-तीन तास हाताशी ठेवा. सुरुवात या द्वीपकल्पाच्या भूगर्भापासून आणि जीवाश्मांपासून होते. जमीन हलक्या उतारांची आहे, पॉलिश केलेल्या वाळूरंगी काँक्रीटची. भिंती तिरक्या, त्यामुळे टांगायला जागा नाही. भिंतींवर भल्यामोठ्या चित्रफिती चालतात आणि वस्तू मोकळ्या उभ्या पेट्यांत ठेवल्या आहेत. तिरक्या भिंतीची एक अडचण आराखड्यात दिसत नाही: भिंत जमिनीला मिळते तिथे त्रिकोणी पट्टा उरतो, ज्यात उभ्या माणसाचं डोकं आपटतं. दृष्टिहीन माणसाच्या काठीला तर तो अडथळा कळतच नाही, कारण काठी खाली मोकळी फिरते. जमिनीपासून तिरक्या भिंतीपर्यंतची मोकळी उंची दोन मीटरपेक्षा कमी असेल तो सगळा भाग ओटा, कठडा किंवा मांडणीने अडवावाच लागतो. नेमका तो हिशोब न धरल्याने अशा इमारतींचं वापरण्याजोगं क्षेत्रफळ कागदावरच्यापेक्षा बरंच कमी भरतं. आतून वळणाऱ्या पृष्ठभागाने आवाजही एका जागी गोळा होतो. दोन दालनांचे आवाज मिसळू नयेत म्हणून ध्वनी शोषणारा थर आधीच योजावा लागतो.

मराठी माणसाने इथे थांबावं असा एक ऐवज आहे: बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराज गायकवाडांनी 1865च्या सुमारास करवून घेतलेला. पंधरा लाखांहून अधिक बारीक बसरा मोती, म्हणजे याच आखातातून निघून बडोद्याला गेलेले आणि फिरून इथे आलेले. जवळ जाऊन पाहिलं तर मोत्यांच्या ओळी इतक्या दाट आहेत की खालचं कापड दिसत नाही. मोती आणि रेशीम दोन्ही प्रकाशाने खराब होतात, तेव्हा अशा वस्तूला मंद उजेडच लागतो. डोळे सरावायला मिनिटभर द्या.

निघताना दुकान चुकवू नका. वास्तुकार कोइची ताकादा यांनी कतारमधल्या दह्ल अल-मिस्फिर या गुहेवरून त्याचं अंतरंग आखलं आहे, सुमारे 40,000 लाकडी तुकड्यांतून. इथेही तोच धडा: वळण अवघड वाटतं, पण ते एकामागे एक उभ्या केलेल्या सपाट पट्ट्यांतून उभं राहिलंय. प्रत्येक पट्टी वेगळी कापलेली, म्हणून प्रत्येकीवर क्रमांक हवाच. एक पट्टी जागा चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

मध्यभागी बराहा नावाचं मोकळं अंगण आणि एका टोकाला कतारचे पूर्वीचे शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांचा जुना वाडा. 1975 साली पहिलं राष्ट्रीय संग्रहालय याच वाड्यात उघडलं होतं आणि त्या कामाला 1980 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नव्या चकत्या या वाड्याभोवती कमानीसारख्या फिरतात, त्याच्यावर चढत नाहीत.

याच प्रवासात इजिप्तमधलं वादी अल-हितान जोडून घ्यावं, कारण तिथे प्रश्न उलटा आहे: इमारतीने उठून न दिसता वाळवंटात मिसळून जायचं आहे. कैरोच्या नैर्ऋत्येला, फयूमच्या वाळवंटात जवळपास चार कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे सांगाडे आहेत. 2005 पासून हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे. जानेवारी 2016 मध्ये इथे जीवाश्म आणि हवामानबदलाचं छोटं संग्रहालय उघडलं. बुटके, वाळूरंगी घुमट. लांबून टेकड्यांत हरवून जातात. मधल्या दालनात बॅसिलोसॉरस आयसिस या प्राचीन देवमाशाचा 18 मीटरचा सांगाडा आहे, आणि त्याच्याभोवती फिरता येईल एवढीच जागा ठेवलेली. शेपटीकडच्या चिमुकल्या मागच्या पायांपर्यंत चालत गेल्याशिवाय पुढे जाऊ नका; जमिनीवरून पाण्यात गेलेल्या प्राण्याची ती खूण आहे.

अशा हाडांचा शत्रू ओलावा. त्यांच्या भेगांत जिप्सम आणि मीठ भरलेलं असतं. आर्द्रता वर-खाली झाली की क्षार फुगतात आणि पापुद्रे सुटतात. सुटू लागलेला पापुद्रा धरून ठेवायला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-72 हे अ‍ॅक्रिलिक राळेचं चिकटद्रव्य ब्रशने थेंबथेंब सोडतात. द्रावण पातळ हवं, 5 ते 10 टक्के. घट्ट झालं तर वरच चकाकी धरतं आणि आत मुरत नाही. बंद दालनात माणसांच्या श्वासानेही आर्द्रता चढते, त्यामुळे एका वेळी किती जण आत सोडायचे हे दाराशीच ठरवणं एअर कंडिशनरपेक्षा स्वस्त पडतं.

बाहेरची पायवाट दगडांनी आखली आहे आणि सांगाडे सापडले तिथेच ठेवलेत. वाऱ्याने वाळू सरकते, काही मणके उघडे पडतात, काही बुजतात. दुपार टाळा, पाणी भरपूर घ्या आणि आखलेली वाट सोडू नका. दोन पावलं बाजूला पडली तरी पायाखाली न उकरलेलं हाड असू शकतं.