नवस कोणाचा?

गोव्यातून पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंड्या आहेत, पण तेवढी रजा सगळ्यांनाच मिळत नाही. राहिलेले आम्ही आषाढीला साखळीजवळच्या विठ्ठलापूरला जातो. वाळवंटीच्या काठावरचं ते देऊळ हेच आमचं पंढरपूर. यंदाची आमची दिंडी अगदी छोटी होती. एक वीणेकरी, दोन टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई, आणि बाकी वाड्यावरची ओळखीची माणसं.

पहाटे माशेलच्या देवकीकृष्णाला हात जोडून निघालो. हा देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीज काळात तो तिथून मयेला गेला, मग माशेलला आला. गाव बदललं, देऊळ बदललं, तरी हा तोच देव का, अशी शंका माशेलात कुणाच्या मनात येत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र ही शंका येते, आणि ती आमच्याबरोबरच चालत होती.

दिंडीत एक आजी होत्या. सून त्यांचा हात धरून होती. दोन-तीन वर्षांपासून आजींना माणसं ओळखू येत नाहीत. खांडोळ्याच्या चढावर त्यांनी मला विचारलं, "तूं कोणाचो?" मी बापाचं नाव सांगितलं. "बरो मनीस," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. पण हरिपाठ सुरू झाला की एक अक्षर चुकायचं नाही. वीणेकरी काका अडखळले तिथे पुढचं चरण आजींनी धरलं.

त्या चालत होत्या त्या नवसाखातर. नातू व्हावा म्हणून त्यांनीच कधीतरी बोललेला, आणि आता त्यांना आठवत नसलेला. आमोण्याच्या पुलावर मांडवी तांबडी, फुगलेली वाहत होती. तिथे काकांनी विषय काढला. ज्याला नवस आठवतच नाही त्याने तो फेडला असं म्हणायचं कसं? मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेलं, त्यामुळे मला गप्प बसवेना. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक नेमकं हेच म्हणाला होता, मी सांगितलं. १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने एक नवं प्रकरण घातलं. माझी जाणीव मागे जिथवर पोचते तिथवर मी. त्यापलीकडचं कर्म त्याच देहाने केलेलं असलं तरी माझ्या खात्यावर नाही. व्यक्ती ही कल्पनाच त्याच्या लेखी न्यायनिवाड्याची होती. शिक्षा कुणाला द्यायची, बक्षीस कुणाला, हे ठरवण्यासाठी. म्हणजे नवसालाही ती लागू.

काका खूश झाले. मग मला स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडही सांगावा लागला. १७८५ मध्ये त्याने लॉकला अडवलं. लहानपणी मार खाल्लेला एक मुलगा पुढे शूर अधिकारी होतो, म्हातारपणी सेनापती. अधिकाऱ्याला तो मार आठवतो. सेनापतीला अधिकारी असतानाचा पराक्रम आठवतो, पण मार आठवत नाही. मग लॉकच्या हिशेबाने सेनापती हा तो अधिकारी आहे, अधिकारी हा तो मुलगा आहे, आणि तरी सेनापती तो मुलगा नाही!

सून इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "नवस तिचोच. चलतात ते पांय कोणाचे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर शोधायचीही इच्छा नव्हती. १९५९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ स्ट्रॉसनने मोठं पुस्तक लिहून जे मांडलं ते याच्या जवळचंच आहे. आधी मन आणि मग त्याला चिकटवलेलं शरीर, असा माणूस नसतो. चालणं आणि आठवणं ही दोन्ही एकाच कुणाबद्दल बोलली जातात. आमच्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये देहाचं क्षेत्र छत्तीस तत्त्वांत उलगडलं आणि ते जाणणारा क्षेत्रज्ञ वेगळा ठेवला. पण आजींकडे पाहताना मला त्या वेगळ्या जाणणाऱ्यापेक्षा सुनेच्या मुठीतला हात जास्त पटत होता.

न्हावेलीच्या अलीकडे वीणा बदलली. वीणा खाली ठेवायची नसते. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि गळ्यातून गळ्यात ती जाते. मग सगळेच एकमेकांच्या पाया पडले. आजींच्याही पडले, त्याही वाकल्या. जर्मन तत्त्वज्ञ कांटने माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका असं सांगितलं, पण तो मान त्याने बुद्धीच्या आधारावर दिला. इथे 'माउली' म्हणण्याआधी कुणी बुद्धीची परीक्षा घेत नाही. हे मला वारकऱ्यांचं जास्त खोल वाटतं. अर्थात हुरळून जायचं कारण नाही. याच परंपरेत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. वाळवंटात माउली, दारात मात्र जात. व्यक्ती कुणाला म्हणायचं हे अभंगात ठरलं तरी उंबरठ्यावर पुन्हा ठरवावं लागतं.

विठ्ठलापूरला रांग मोठी होती, पाऊस त्याहून मोठा. दर्शन झालं, नारळ फुटला, सगळ्यांनी भिजलेल्या पिशव्यांतून रताळी काढून खाल्ली.

परतीच्या बसमध्ये काकांनी मला पुन्हा गाठलं. दारूच्या नशेत कुणी कुणाला मारलं आणि सकाळी त्याला काही आठवत नसलं तर? लॉकला हा प्रश्न सुचला होता, मी म्हटलं. कायदा शिक्षा करतो, कारण कृत्य सिद्ध होतं आणि आठवत नाही हे सिद्ध करता येत नाही. "म्हणजे पाप लावायला आठवण नको आणि पुण्य द्यायला हवी?" काका म्हणाले. काका आता आजींच्या बाजूला गेले होते, आणि लॉकची बाजू सांभाळायला मी एकटा उरलो. मी म्हटलं, वरच्या न्यायालयात तसं नाही असंही लॉक म्हणतो, तिथे ज्याची जाणीव त्याचाच जाब. काका म्हणाले, वरच्या न्यायालयातूनच तर आता आलो.

सुनेला आमच्या वादात रस नव्हता. उद्या द्वादशी, माशेलात देवळासमोर चिखलकालो, म्हणजे चिखलात लोळून खेळायचा उत्सव. नातवाच्या अंगाला चोळायचं खोबरेल घरात आहे की संपलं, ते ती आठवत होती.